स्प्रेचा डबा जरा बाजूला ठेवा

झुरळ दिसलं की डबा उचलायचा आणि ते उताणं होऊन पाय हलवायला लागेपर्यंत फवारत राहायचं, ही सवय जवळपास सगळ्यांनाच असते आणि त्यात एक समाधान असतं हेही खरंय. पण घर जुनं असेल आणि हवा उष्ण-दमट असेल तर त्या डब्याइतकी निरुपयोगी वस्तू घरात दुसरी नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मेलं ते समोर दिसलेलं एक, बाकीचं खानदान चौकटीच्या मागे मजेत.

थंड देशात हिवाळ्यात किड्यांची वाढ मंदावते, तेवढी तरी सुट्टी मिळते. आपल्यासारख्या हवेत वर्षभर पिढ्या चालूच. त्यात जुन्या घराला फटी किती, लाकडी चौकटी, पोटमाळा, कुठेतरी झिरपणारा पाइप, आणि भिंतीतली ओल जी कुणी मनावर घेत नाही कारण ती कायमचीच आहे.

आधी झुरळं. दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत कारण उपाय पूर्ण वेगळे आहेत. मोठं, तांबूस, चारेक सेंटीमीटरचं, अंगावर उडून येणारं, ते बहुतेक वेळा गटारातलं असतं, तुमच्याकडे पाहुणं. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या मोरीतलं पाणी वाळतं आणि रस्ता मोकळा होतो, त्यामुळे तिथे अधूनमधून तांब्याभर पाणी ओतायचं आणि जाळी बसवायची, निम्मं काम तिथेच होतं. छोटं, दीडेक सेंटीमीटरचं, डोक्यामागे दोन काळपट पट्टे असलेलं, ते मात्र खरं घरातलं. फ्रिजच्या मोटरजवळ, कपाटाच्या बिजागरीत, ओट्याखालच्या कोपऱ्यात. मादी अंड्यांची पिशवी पिल्लं बाहेर यायच्या बेतापर्यंत अंगालाच घेऊन फिरते, एका पिशवीत तीस-चाळीस अंडी, आता करा हिशोब.

या छोट्यांना जेलच लागतं, म्हणजे विष घातलेलं मऊ आमिष. आणि जेल कसं लावायचं तर मोठा गोळा एका जागी नाही, बारीक बारीक ठिपके खूप ठिकाणी, फटीच्या अगदी जवळ. त्याची गंमत अशी की ते लगेच मारत नाही. झुरळ खातं, आपल्या बिळात परत जातं, तिथे मरतं, आणि मग बाकीची त्याची विष्ठा खातात, मेलेलं झुरळही खातात (हो, खातात) आणि तीही जातात. म्हणजे आपला हात जिथे पोचत नाही तिथे औषध झुरळंच पोचवतात. आता याच जेलवर कुणी स्प्रे मारला की संपलं, स्प्रेच्या वासाने झुरळं तिकडे फिरकतच नाहीत. एकाच वेळी दोन्ही केलं की जास्त परिणाम होईल असं लोकांना वाटतं, होतं उलटं.

आणि ते घर बंद करून धूर सोडायचे डबे येतात ना, त्यावर २०१९ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचा अभ्यास आला होता, लोकांच्या राहत्या घरांमध्ये केलेला. डबे सोडल्यावर छोट्या झुरळांची संख्या कमी झालीच नाही, औषध मात्र जमिनीवर आणि ओट्यावर पसरून राहिलं. जेल लावलेल्या घरांत संख्या चांगलीच घटली. एक जेल काही काळाने चालेनासं झालं तर दुसऱ्या औषधाचं आणायचं. झुरळांच्या काही वस्त्यांना तर ग्लुकोज चक्क कडू लागायला लागलं म्हणून ती गोड आमिष सोडून देतात, त्यामागचं कारण शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये शोधून काढलं. असल्या प्राण्याशी डबा घेऊन लढायचं म्हणजे कमाल आहे.

मुंग्यांचंही तेच. त्या अगदी बारीक पिवळसर मुंग्या असतात ना, त्यांच्या वारुळात एकापेक्षा जास्त राण्या असतात आणि स्प्रे मारला की वारूळ फुटून त्याची दोन-चार वारुळं होतात, भिंतीत इकडे तिकडे. त्यापेक्षा साखरेच्या पाण्यात बोरिक ॲसिड, तेही अगदी कमी, साधारण एक टक्का. लोक भरपूर घालतात आणि मग कामकरी मुंगी वाटेतच मरते, राणीपर्यंत काही जातच नाही. आमिष ठेवलंय तोवर मुंग्यांची रांग पुसायची नाही, बघवत नाही तरी पुसायची नाही. अर्थात लहान मुलं आणि पाळीव प्राण्यांचा हात-तोंड लागणार नाही अशाच जागी ठेवायचं.

वाळवी मात्र गंभीर प्रकरण. भिंतीवर मातीची नळी दिसली की लोक झाडूने पाडतात आणि वर रॉकेल ओततात. त्याने तिथल्या चार मरतात, घराला आगीची भीती वाढते, आणि आतलं सगळं तसंच चालू राहतं. नळीचा छोटासा तुकडाच तोडा आणि काही दिवसांनी बघा, परत बांधली असेल तर वाळवी चालू आहे. न बांधली तरी निर्धास्त होऊ नका, रस्ता बदललेला असू शकतो. पहिल्या पावसानंतर खिडकीशी पंखांचा ढीग पडलेला दिसला तर पंख नीट बघा, चारही सारख्या लांबीचे असतील तर वाळवी, पुढचे मोठे मागचे छोटे असतील तर मुंग्या. आणि लाकडाखाली वाळूसारखे कोरडे दाणे पडत असतील, भिंगातून सहा बाजू दिसणारे, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी, तिला जमिनीशी देणंघेणं नसतं, तिथे जमिनीत औषध सोडून काही उपयोग नाही.

जुनी माणसं म्हणतात पूर्वीचं औषध एकदा मारलं की वर्षानुवर्षं बघायला नको. बरोबर आहे त्यांचं. क्लोरडेनसारखी औषधं मातीत टिकून राहायचीच, आणि नेमकं म्हणूनच ती २००१ च्या स्टॉकहोम करारात गेली, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात, कारण ती माणसाच्या चरबीतही तशीच टिकतात. आता जमिनीत सोडायची जी नवी औषधं आहेत, फिप्रोनिल वगैरे, ती वाळवीला जाणवतच नाहीत, ती त्यातून चालत जाते आणि अंगाला लावून घरी नेते. दुसरा प्रकार आमिषाचा, हेक्झाफ्लुम्युरॉनसारखं, ज्याने कात टाकता येत नाही. याला महिने लागतात. तेवढा धीर धरायचा.

आणि हे सगळं करून पाइप गळतच राहिला तर? जमिनीतल्या वाळवीला ओल लागते. कागद-कपड्यांना लागणाऱ्या कसरीलाही दमटपणा लागतो. एसीचं पाणी भिंतीवर पडतंय, बागेची माती जोत्याच्या वर चढलीय, टाकी रोज वाहतेय, हे आधी बघा. प्लंबरला दिलेले पैसे हा माझ्या हिशोबात पेस्ट कंट्रोलचाच खर्च आहे.

उंदरांच्या बाबतीत मात्र माझं मत थोडं फिरतं. उंदराने नवं काही खाल्लं आणि लगेच पोट बिघडलं तर तो परत त्याला तोंड लावत नाही, म्हणून त्यांचं विषही मुद्दाम हळू चालणारं, रक्त न गोठू देणारं बनवतात. काम करतं. पण जुन्या घरात तो मरतो पोटमाळ्यावर नाहीतर फळीच्या मागे, आणि मग तो वास! शिवाय तो उंदीर खाणारं मांजर किंवा घुबडही जातं. मी पिंजऱ्याच्या बाजूने. आणि भोकं बुजवा, छोट्या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, स्टीलची घासणी कोंबून वरून सिमेंट.

ढेकणांना आमिष चालत नाही, ते फक्त रक्त पितात. स्प्रे मारला की शेजारच्या खोलीत जातात. त्यांना उष्णता लागते, पन्नास अंशांच्या वर, म्हणजे कपडे-चादरी गरम पाण्यात आणि जमल्यास ड्रायरमध्ये, पलंगाच्या सांध्यांना वाफ. हे घरच्या घरी जमणं कठीण आहे, जाणकार माणूस बोलवा.

बोलवाल तेव्हा त्याला औषधाचं नाव विचारा, ब्रँडचं नाही, आतल्या रसायनाचं, आणि कुठे कुठे लावणार तेही. टॉर्च न काढता, सिंकखाली न वाकता, पाठीवरच्या टाकीने सगळ्या खोल्यांचे कोपरे ओले करून निघाला तर पुढच्या वेळी दुसरा बघा.