हरिनिवासपर्यंत गेलेले नाटक

जून उजाडला, की ठाण्याच्या पाचपाखाडीत ताईच्या जेवणाच्या टेबलावर दोन कालनिर्णय येऊन पडतात. एक चालू वर्षाचे आणि दुसरे त्याच खिळ्याला त्याच्या मागे लटकत राहिलेले गेल्या वर्षाचे. भावोजी बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे हिशोब मांडल्याशिवाय त्यांना कोणतेही वर्ष संपल्यासारखे वाटत नाही, आणि नाटकांचे वर्ष त्यांच्या लेखी गणपतीनंतर सुरू होऊन मेअखेरीस संपते. पाहिलेल्या प्रत्येक नाटकाला ते त्याच रात्री दहापैकी गुण देतात आणि तारखेच्या चौकटीत, दुधाच्या लिटरांच्या शेजारी, लिहून ठेवतात. जूनमध्ये त्यांची बेरीज होते, सरासरी निघते आणि निकाल जाहीर होतो. यंदा आम्ही तिघांनी मिळून एकोणीस नाटके पाहिली आणि सरासरी आली ५.८. गेल्या वर्षी ती ६.१ होती.

"म्हणजे यंदाचा सीझन पडला," असे म्हणून भावोजींनी चष्मा काढून ठेवला.

"अहो, दुधाचा आकडा तर नाही ना मिसळला त्यात?" ताईने स्वयंपाकघरातून विचारले.

दूध मिसळलेले नव्हते, हे मी पडताळून पाहिले. तरीही तो निकाल मला मान्य होईना, आणि का मान्य होत नाही हे मलाही लगेच सांगता येईना.

एक तर मराठी नाटकाला कोणी आखून दिलेला हंगाम नसतोच. पितृपक्षात सहसा नवे नाटक काढत नाहीत, दिवाळीच्या आगेमागे शुभारंभाच्या प्रयोगांची गर्दी होते, परीक्षा आल्या की पालक घरी बसतात, मग क्रिकेट येते, मे महिन्यात बालनाट्ये दुपारचे प्रयोग बळकावतात, आणि पाऊस सुरू झाला की निर्माते आभाळाकडे बघून तारखा घेतात. यालाच आपण सवयीने सीझन म्हणतो. आंब्याचा हंगाम कसा गेला हे वाशीच्या बाजारात किती पेट्या उतरल्या यावरून सांगता येते, कारण मार्चमधला हापूस आणि मेमधला हापूस ही वेगवेगळी फळे असतात. नाटक मात्र तेच पुन्हापुन्हा येते आणि दर वेळी थोडे वेगळे असते. डिसेंबरमध्ये पाहिलेला सातवा प्रयोग आणि एप्रिलमध्ये पाहिलेला साठावा प्रयोग यांना एकाच मापाने गुण कसे द्यावेत? सातव्या प्रयोगाला नट अजून वाक्ये आठवत असतात, एखादा हशा आला की गांगरतात, प्रकाशयोजना करणाऱ्याचा हात अर्धा क्षण मागे पडतो. साठाव्या प्रयोगापर्यंत नाटक मुरलेले असते, आणि कधीकधी मुरून आंबलेलेही असते. नटांना हशाच्या जागा पाठ झालेल्या असतात आणि ते त्या जागी थांबून हशाची वाट पाहू लागतात. जाहिरातीत प्रयोगाचा क्रमांक छापतात तो मिरवण्यासाठी हे खरे, पण मी तो डॉक्टर औषधावरची तारीख पाहतात तसा पाहते. भावोजींच्या चौकटीत हा क्रमांक नसतो.

माझे स्वतःचे माप निराळे आहे, आणि ते मी इतकी वर्षे कोणाला सांगितले नव्हते. ठाण्याचे गडकरी रंगायतन हे नाट्यगृह १९७८ साली सुरू झाले, आणि आमची पिढी नाटक पाहायला शिकली ती तिथेच. रात्रीचा प्रयोग सुटला, की आम्ही चालत घरी येतो. आधी तलावपाळी लागते, मग राम मारुती रोड, मग हरिनिवासचा चौक आणि शेवटी पाचपाखाडी. नाटकावरचे बोलणे या वाटेवर कुठे संपते, त्यावर माझा निकाल ठरतो. काही नाटके तलावपाळीच्या कठड्यापाशीच संपतात. भावोजी "नेपथ्य बरे होते" म्हणतात, आणि पुढे उद्या भाजी काय करायची ती चर्चा सुरू होते. बरीचशी नाटके राम मारुती रोडवरच्या बंद होत आलेल्या दुकानांपर्यंत तग धरतात. हरिनिवासपर्यंत गेलेले नाटक म्हणजे चांगले नाटक. आणि एखादे असे असते, की पाचपाखाडीत इमारतीच्या फाटकापाशी उभे राहून आम्ही तिघे भांडत असतो, वॉचमन खुर्ची सरकवून ऐकत असतो, आणि ताई म्हणते, "आता वर चला, लोक झोपलेत." यंदा माझ्या हिशोबाने सहा नाटके हरिनिवास ओलांडून गेली आणि दोन फाटकापर्यंत पोहोचली. गेल्या वर्षी चौक ओलांडणारे एकही नव्हते. तेव्हा माझ्या मापाने यंदाचे वर्ष भरघोस आणि गेले वर्ष कोरडे. भावोजींच्या अगदी उलट.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितले. भावोजींनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "गेल्या वर्षी गडकरी चालू होतं का?"

नव्हते. नूतनीकरणासाठी ते बंद होते, आणि आम्ही आमची नाटके घोडबंदर रोडच्या बाजूला, हिरानंदानी मेडोजमधल्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात पाहत होतो. तिथून पाचपाखाडीला चालत कोण येणार? प्रयोग सुटला की रिक्षा शोधायची, तिसऱ्या रिक्षावाल्याने होकार दिला की तिघांनी दाटीवाटीने बसायचे, आणि मग मेट्रोच्या खांबांखालून, खड्ड्यांतून, हॉर्नच्या कल्लोळात यायचे. रिक्षात मधला माणूस दोघांचे ऐकतो आणि कडेच्या दोघांना एकमेकांचे काहीच ऐकू येत नाही. माजिवड्याच्या पुलाखाली आलो, की भावोजी मीटरकडे पाहायला लागतात. अशा वाटेवर कोणते नाटक हरिनिवास गाठणार होते? मी ज्याला वर्षाचा कस म्हणत होते, त्यात अर्धा वाटा रिक्षाचा होता, आणि यंदाच्या सहा नाटकांतला निदान एखाददुसरा गुण नाटकाचा नसून, आपल्या ओळखीच्या वाटेवर पुन्हा चालायला मिळाल्याच्या आनंदाचा असणार.

त्याच कोरड्या वर्षी घाणेकरच्या लघु नाट्यगृहात आम्ही एक प्रायोगिक नाटक पाहिले होते. प्रेक्षक तीसच्या आसपास, नट चार, नेपथ्य म्हणून एक पलंग आणि एक पाण्याची टाकी. त्याला भावोजींनी आठ दिले आहेत. ते मला धड आठवत नाही, हे कबूल करावे लागते. त्यांची चौकट नसती, तर मी ते पाहिलेच नाही असे शपथेवर सांगितले असते. म्हणजे चौकटीचेही काही काम आहे.

ज्यांचे नाव रंगायतनाला आहे त्या राम गणेश गडकऱ्यांचे उदाहरण मी भावोजींसमोर टाकून पाहिले. त्यांची पुरी झालेली नाटके चारच, आणि ते जानेवारी १९१९ मध्ये तेहतीस वर्षांचे असताना गेले. 'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते त्यांच्या मृत्यूनंतर. त्या जानेवारीत कोणी वर्षाची बेरीज मांडायला बसला असता, तर त्याने रकाना तोट्याचाच धरला असता. आणि ज्या नाटकाने पुढे मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांना रडवले, ते त्याच्या हिशोबात कुठेच आले नसते. भावोजी म्हणाले, "ते पुढच्या आर्थिक वर्षात गेलं असतं." बँकेतल्या माणसाशी वाद घालताना हे असे होते.

पण माझ्या मापाला खरा तडा गेला तो आणखी एका नाटकामुळे. यंदा जानेवारीत आम्ही वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात एक नाटक पाहिले. मराठी नाटकाची सुरुवात १८४३ साली सांगलीला ज्यांच्या हातून झाली, त्यांच्या नावाच्या वास्तूत बसताना उगीचच अपेक्षा वाढते, हा माझा दोष. नाटक सुमार होते. पहिला अंक भरकटलेला, मुलाचे काम करणारा नट प्रत्येक वाक्य प्रेक्षकांकडे बघून म्हणणारा, आणि पार्श्वसंगीत असे, की कोणी खिडकी उघडली तरी व्हायोलिन वाजे. परतताना ट्रान्सहार्बरची गाडी मिळाली. गाडीत माझे माप मी वाटेऐवजी स्टेशनांवर लावते. तुर्भे म्हणजे तलावपाळी समजायची. या नाटकाची निंदासुद्धा कोपरखैरणेपर्यंतच पुरली. घणसोली, रबाळे अशी स्टेशने गेली. कोणीच काही बोलत नव्हते. ऐरोलीला दार उघडून बंद झाले, तेव्हा ताई एकदम म्हणाली, "हनुवटीखाली धरला होता तिने काठ."

आम्हा दोघांनाही ती काय म्हणते आहे हे लगेच कळले. दुसऱ्या अंकाच्या शेवटी घर रिकामे करताना आई लेकीच्या साडीची घडी घालते, एवढाच तो प्रसंग. पहिल्या अंकात त्या दोघींनी मिळून अशीच एका साडीची घडी घातली होती. दोघी दोन टोके धरून, मधे ओढून, एकमेकींकडे चालत येत. आता दुसरे टोक धरायला कोणी नव्हते. त्या वयस्कर नटीने काठ हनुवटीखाली दाबला, दोन्ही हात पसरले, एका बाजूची साडी जमिनीला लागली ती पायाच्या अंगठ्याने वर उचलून घेतली, आणि घडी चुकली तशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती रडली नाही, आणि कोणाकडे पाहिलेही नाही. व्हायोलिनवाल्यालाही, देव जाणे कसे, त्या वेळी गप्प राहण्याची बुद्धी झाली होती. सभागृहात तोवर चाललेले खोकणे थांबले होते, हे मला खोकणे पुन्हा सुरू झाल्यावर समजले.

आता याला कोणत्या स्टेशनाचे गुण द्यावेत? ऐरोलीपर्यंतची ती शांतता मी माझ्या हिशोबात 'बोलणे संपले' अशी धरली होती.

हे आठवून मी टेबलाशी ताईला विचारले, "ते वाशीचं नाटक, त्याचं नाव काय गं?" तिला आठवेना. मला आठवेना. भावोजींनी जानेवारीचे पान उलटले आणि रविवारच्या रांगेवरून बोट फिरवत त्या चौकटीवर आणले. तिथे त्यांच्या बारीक, बँकेतल्या अक्षरात लिहिले होते: 'वाशी ४, दूध २'.

बाहेर पावसाची सर आली, तशी ताई गॅलरीत धावली आणि दोरीवरचे कपडे कवेत घेऊन आत आली. ओढणी खुर्चीवर टाकून तिने साडी हातात घेतली आणि काठ हनुवटीखाली धरला. भावोजी थोडा वेळ तिकडे पाहत राहिले. मग त्यांनी पेन्सिल उचलली, त्या चौकटीत चारच्या पुढे जेमतेम मावेल असे 'साडी' लिहिले, आणि उठून ताईच्या साडीचे दुसरे टोक धरले. गुण मात्र त्यांनी चारच ठेवले.