लावायची होती घाटावर, लागली द्राक्षबागेत

आमची कॅम्पर व्हॅन म्हणजे एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, मागच्या सीटा काढून बेड टाकलेत, दोन बर्नरची शेगडी आहे आणि ६० लिटरची पाण्याची टाकी. आतापर्यंत ती दरवेळी कोकणातच गेली, सुरूच्या बनात गाडी लावायची आणि समुद्राच्या आवाजात झोपायचं हे ठरलेलं. यंदा जानेवारीत नाशिकला न्यायचं ठरलं ते आईंमुळे, म्हणजे माझ्या सासूबाईंमुळे. चार वर्षांपूर्वी बाबांच्या अस्थी रामकुंडात सोडल्या तेव्हा सगळी घाईच होती, त्यांना एकदा तिथे निवांत बसायचं होतं. "एक रात्र गंगेवर झोपू" म्हणाल्या. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि आई पंचवटीत वाढलेल्या, त्यांच्या तोंडून गोदावरी हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. माहेरचं आता तिथे कोणी नाही, वाड्याच्या जागी बिल्डिंग झाली.

संध्याकाळी पोचलो आणि आई नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसमोर पायरीवर बसल्या त्या बोलायलाच लागल्या. पूर आला की पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते बघायचं, गुडघ्याला, कमरेला, छातीला, त्यावरून सराफ बाजारातले लोक दुकानं आवरायला घ्यायचे, आणि नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. पेपरात आजही पुराची बातमी याच मापाने येते. दोन तास कसे गेले कळलं नाही. आणि मग पार्किंगवाला आला. संध्याकाळी रात्रभराचे म्हणून पैसे घेतले होते, नवऱ्याने दोनदा विचारून खात्री केली होती, तरी साडेदहाला काचेवर टकटक, गाडीत झोपता येणार नाही, काढा. पावती दाखवली तर म्हणे ती गाडीची आहे, माणसांची नाही. सत्तरीतल्या बाई शाल पांघरून झोपल्यात हे त्याला दिसत होतं. पैशाचं काही नाही, पण ज्या गावात बाराही महिने यात्रेकरू येतात, ज्या गावाने २०१५ चा कुंभ सांभाळला आणि आता २०२७ ची तयारी चाललीय, तिथे एका म्हातारीला एक रात्र नदीकाठी मिळू नये याचा मला अजून राग आहे. हायवेवर पेट्रोल पंपामागे झोपलो. आई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

दुसरा दिवस खाण्याचा. सकाळी चुलीवरची मिसळ, आणि माझं स्पष्ट मत आहे की काळ्या मसाल्याचा रस्सा खायचा असेल तर नाशिकलाच यावं, सोबत भाजलेला पापड आणि दही, पापड चुरून मटकीवर घालायचा आणि रस्सा थोडा थोडाच ओतायचा. मेन रोडला सायंताराचा साबुदाणा वडा, बुधा हलवाईची गरम जिलबी, घरच्यांसाठी कोंडाजीचा चिवडा. दुपारी पांडवलेणी चढलो, आई खाली दादासाहेब फाळके स्मारकात बसल्या. दहाव्या लेण्यातल्या शिलालेखात क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, २,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवल्याचं कोरलंय, महिना शेकडा १ व्याजाने, आणि त्या व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी पैसे द्यायचे. एवढा चोख हिशोब दगडात कोरलेला मी पहिल्यांदाच बघितला.

तिसऱ्या दिवशी नांदूर मध्यमेश्वर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० मध्ये जाहीर झालेलं, पक्षी भरपूर, वारकरी नावाचे काळे पाणपक्षी आणि चक्रवाक बदकं तर इतकी की मोजणं सोडून दिलं. अंधार पडायला लागला तसं निफाडकडे परत फिरलो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि एका बांधावर उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, रात्री कुठे गाडी लावता येईल का. तो म्हणाला, "म्हातारं माणूस हाये संगं, रस्त्यावर कशाला झोपता, लावा शेडजवळ." पैशांचं विचारलं तर ऐकलंच नाही. त्याच्या बायकोने बाजरीची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा आणून दिला, आम्ही आमचं मॅगी परत डब्यात ठेवलं.

पहाटे साडेतीनला धुराच्या वासाने जाग आली. मला वाटलं गाडीतच काहीतरी पेटलं. दार उघडलं तर बागेत जागोजागी जाळ दिसत होता, फोनवर ६ अंश, आणि बागवाले दादा, वहिनी, त्यांचा बारावीतला मुलगा ओळींमधून पळत होते. मण्यांत पाणी उतरलं होतं, म्हणजे मणी मऊ पडून साखर भरायला लागली होती, आणि अशात थंडी उतरली की साल तडकते. म्हणून बांधावर आणि ओळींच्या तोंडाशी शेकोट्या, त्याही वाऱ्याच्या बाजूने, छाटणीच्या काड्या खाली आणि वर ओला पाचोळा, कारण जाळापेक्षा धूर पाहिजे, तो बागेवर पसरून राहिला की खालची ऊब लगेच उडून जात नाही. थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, तेवढं बरं, मोटर चालू करून ड्रिपने पाणी सोडलं होतं, विहिरीचं पाणी त्या वेळी हाताला कोमट लागतं, मी हात घालून बघितलं.

आम्ही पण लागलो. नवरा काड्यांचे भारे ओढत होता, मी पाचोळा टाकत होते. मध्येच दादांनी बॅटरी मारून एक घड दाखवला. मणी काचेसारखे, आणि एकावर देठाजवळ केसाएवढी बारीक रेघ. "ह्यो गेला." खिशातली छोटी कात्री काढून त्यांनी तेवढा एक मणी अलगद कापला, कारण त्याचा रस बाकीच्या मण्यांवर उतरला की अख्खा घड सडतो. मग पुढचा घड. एका वेलीवर किती घड असतात, एका ओळीत किती वेली, आणि हा माणूस अंधारात एकेक मणी काढत होता. ऑक्टोबरच्या पावसात आधीच बरेच घड जिरले होते, म्हणजे नीट न वाढता वाया गेले होते, सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं होतं. मला पांडवलेणीतला तो दगडातला शेकडा १ चा हिशोब आठवला आणि घशात काहीतरी अडकलं.

आई कधी उठल्या मला माहीत नाही. बघितलं तर शेडजवळच्या कडुनिंबाखाली चुलीपुढे बसल्या होत्या, दादांच्या आईशेजारी, दोघींच्या अंगावर आमचीच एक गोधडी, आणि आई त्या बाईंना बाबांचं सांगत होत्या, अस्थींच्या दिवसाचं, घाटावर बसायचं राहिलं त्याचं. चार वर्षांत माझ्याशी त्या हे बोलल्या नव्हत्या. त्या आजी मध्ये मध्ये नुसतं "हां बाई" म्हणत होत्या आणि चुलीत काडी सरकवत होत्या. मी चहा घ्यायला गेले आणि तशीच मागे फिरले.

उजाडल्यावर निघालो. आईंनी घाटावर परत जायचं नाव काढलं नाही, थेट कसारा उतरून घरी.

मार्चमध्ये दादांचा व्हॉट्सअ‍ॅप आला, क्रेटच्या थप्पीचा फोटो, खाली लिहिलेलं, "तीन ओळी गेल्या. बाकीचा माल गेला गाडीत. आईंना सांगा." फोन आईंकडे दिला तर त्यांनी फोटो मोठा केला आणि क्रेटच्या मागे, कडुनिंबाखाली, ती चूल दिसतेय का ते बघत बसल्या.