सागवन जरला जी!

तान्हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आला. "मॅडम, सागवन जरला जी पुरा!" चंद्रपूर जिल्ह्यात माझं बीट आहे, वनरक्षक होऊन तेव्हा चौथं वर्ष चालू होतं. युनिफॉर्म चढवायच्या आधीच मी राउंड ऑफिसरांना मेसेज टाकला, रोपवनात आग. त्यांचं उत्तर एका शब्दाचं. "भाद्रपदात?"

चूक माझीच. रात्रभर पाऊस झालेला, नाल्याला गुडघाभर पाणी, आणि मी आग कळवते आहे!

पण नाला ओलांडून वर आले आणि क्षणभर माझाही मेसेज मला खरा वाटला. बाजूची ऐनाची झाडं हिरवीगार, मोह हिरवागार, आणि मधला सागाचा पट्टा तेवढा तांबूस-करडा, भाजून काढल्यासारखा. आठ-दहा माणसं आधीच जमली होती. एक पोरगा मोबाइलवर शूटिंग करत सांगत होता, फॉरेस्टवाल्यांनीच काहीतरी औषध मारलं म्हणून.

झाडांखाली शिरले तर पाऊस थांबलेला असूनही टोपीवर बारीक टपटप सुरूच. हात पुढे केला. तळव्यावर खसखशीएवढे काळपट दाणे पडले. अळ्यांची लेंडी.

एक पान तोडून उजेडासमोर धरलं. सुपाएवढ्या पानात हिरवं म्हणून काही शिल्लक नाही, शिरा मात्र सगळ्या जागच्या जागी. आरपार आभाळ दिसत होतं. खालच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखं पातळ काहीतरी, त्यात हिरवट अळी. काडीने डिवचलं तशी ती उलटी सरसर मागे गेली आणि धाग्यावर लोंबकळली.

वनमजूर आबाजींना त्यात नवल नव्हतं. "दरसाल येते थोडी थोडी. अवंदा लय आली."

ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं होतं, आठवलं मात्र तेव्हा. सागाच्या मुख्य अळ्या दोन. पहिली पावसाच्या सुरुवातीला येते, कोवळी पानं मधली शीर सोडून सगळी फस्त करते. केरळात निलंबूरच्या रोपवनांत अभ्यास झाला, तेव्हा तिच्यामुळे लाकडाची 44 टक्के वाढ बुडते असं निघालं. दुसरी ही. जून पानांवर येते आणि पानाची जाळी करून ठेवते. झाड मरत नाही, पुन्हा पालवतं. त्या वर्षाची वाढ मात्र मार खाते.

हे सगळं मी जमलेल्यांना सांगितलं. पोरग्याने मोबाइल माझ्याकडे वळवला. "मग फवारणी कधी?"

फवारणी नाही, म्हटलं. पन्नास-साठ फुटांच्या झाडांवर फवारायचं कशानं? आणि फवारलंच तर ही अळी खाणारे किडे, तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या, सगळेच मरतील. खालच्या नाल्यावर तुमचीच गुरं पाणी पितात. समोर तारेवर दोन कोतवाल पक्षी बसून मजेत झेपा घेत होते, तेही दाखवले. कुणाला फारसं पटलं नाही. अयोध्येच्या मंदिराला आपल्या जिल्ह्यातला साग गेला 2023 मध्ये, तेव्हा मिरवणूक काढली, आणि आता किडा खातो तर पाहत बसायचं? हा प्रश्न तर मला आजही रास्त वाटतो.

एक म्हातारी इतका वेळ गप्प उभी होती. जाताना म्हणाली, "काईच नाही करायचं, तर मंग तुले पगार कायचा भेटते वं बाई?"

संध्याकाळी चौकीवर नोंद केली. सागावर अळीचा प्रादुर्भाव, कारवाई निरंक. ते जाळीचं पान डायरीत ठेवलं.

लिहिताना ट्यूबलाइटभोवती किडे घोंगावत होते. एक वहीवर बसला. करंगळीच्या नखापेक्षा जरासा मोठा, पिवळसर पंखांवर गुलाबी नागमोडी रेघा. त्या अळीचाच पतंग. चार पावसाळे मी रोज सकाळी व्हरांड्यातून हेच झाडूने लोटून देत होते.