अजून सहा महिने

एप्रिल आला की आमच्या शॉपमध्ये दोन गोष्टी तापतात, डोक्यावरचे पत्रे आणि ॲप्रेझल. पत्र्यांखाली मोठे पंखे लावून झाले. ॲप्रेझलवर अजून काही उपाय सापडलेला नाही.

यंदा एका मुलीच्या फॉर्मवर मी "अजून सहा महिने द्यावेत" असं टाइप केलं आणि हात थांबला. हे वाक्य मी पूर्वीही एकदा लिहिलंय. तेव्हा थांबला नव्हता.

मी चाकणला एक प्रेस शॉप सांभाळतो. पत्रा आत जातो, ब्रॅकेट बाहेर पडतात, ते सीटखाली किंवा बॉनेटखाली कुठेतरी बसतात आणि गाडी घेणारा माणूस ते आयुष्यात कधी बघत नाही. २०१८ साली आमच्याकडे एक डाय सेटर होता, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, डाय, प्रेसमध्ये बसवणारा. लातूरकडचा, डिप्लोमा झालेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तो हे वाचेल. हा मुलगा प्रेसचा आवाज ऐकून सांगायचा की पत्रा कापणाऱ्या पंचाची धार गेलीय. आम्ही पार्ट उचलून, कडेला उरलेला धातूचा काटा, म्हणजे बर, मोजून, पत्र्याच्या जाडीच्या दहा टक्क्यांच्या वर गेलाय का ते बघेपर्यंत याने डाय उतरवायला घेतलेला असायचा. डाय बदलायला आम्हाला ५५ मिनिटं लागायची, त्याने ती २२ वर आणली. क्लॅम्प एका मापाचे केले, पुढची डाय आधीच ट्रॉलीवर तयार ठेवायला लावली, आणि पाने शोधत फिरायचं बंद केलं. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंनी या कामाला 'सिंगल मिनिट' म्हटलंय, म्हणजे दहाच्या आत, एका आकड्यात. त्यांच्या हिशोबाने आम्ही नापासच. चाकणच्या हिशोबाने पहिल्या वर्गात.

त्याच्यामुळे आणखी एक गोष्ट झाली, ती कुठल्याच चार्टवर नव्हती. माझा फोन रात्री वाजायचा बंद झाला. त्याच्या आधी आठवड्यातून दोनदा तरी रात्री दोनला फोन यायचा, "साहेब, डाय अडकली." मग निगडीहून तळवड्याच्या रस्त्याने अंधारात चाकण. तो आल्यावर सकाळी मेसेज दिसायचा, "रात्री प्रॉब्लेम होता, झालं." एवढंच.

त्या वर्षी जूनमध्ये गुजरातेतल्या साणंदच्या नव्या प्लँटने त्याला मागितलं. टूलरूम इन्चार्ज, पगारात चांगली वाढ, राहायला जागा. एचआरने माझं मत विचारलं. मी उत्तर लिहिलं: तांत्रिकदृष्ट्या उत्तम, पण अजून परिपक्वता हवी, माणसं हाताळायचा अनुभव कमी आहे, अजून सहा महिने द्यावेत.

मी हे लिहिताना खोटं बोलत नव्हतो. निदान मला तसं अजिबात वाटत नव्हतं. मला तो खरोखर कच्चा दिसत होता. एकदा क्रेनवाल्यावर ओरडला होता, ते आठवलं. एकदा मीटिंगमध्ये मध्येच बोलला होता, तेही आठवलं. पुरावे शोधायला बसलं की सापडतातच, आणि मी तर क्वालिटीत आठ वर्षं काढलेली, पुरावे गोळा करायची सवयच. त्याला केबिनमध्ये बोलावून वडीलकीच्या नात्याने समजावलंसुद्धा. "घाई करू नकोस, मी तुझ्या भल्याचंच बघतोय." तो "हो सर" म्हणाला आणि गेला.

ऑगस्टमध्ये ऑडिटची धावपळ सुरू झाली. १४ सप्टेंबर २०१८ नंतर गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांचं क्वालिटीचं जुनं टीएस सर्टिफिकेट चालणार नव्हतं, सगळ्यांनाच आयएटीएफ १६९४९ या नव्या स्टँडर्डवर जायचं होतं, त्यामुळे भिंतीवरचा प्रत्येक कागद ताजा करणं चालू होतं. त्यात स्किल मॅट्रिक्स. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: डावीकडे माणसांची नावं, वर कामं, आणि प्रत्येक चौकटीत एक वर्तुळ, चार पाकळ्यांचं. एक पाकळी भरली म्हणजे शिकतोय. दोन म्हणजे कोणीतरी उभं असेल तर करतो. तीन म्हणजे एकटा करतो. चारही भरल्या म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. खाली विभागप्रमुखाची सही.

मी बोर्डासमोर उभा होतो. तो मार्कर घेऊन आला.

"सर, माझ्या ओळीतली एक पाकळी पुसू का?"

मला कळेना. त्याच्या ओळीत डाय सेटिंग, डाय मेंटेनन्स, ट्रायआउट, सगळी वर्तुळं काळी कुळकुळीत. खाली माझी सही, मे महिन्याची.

"का?"

"नाही म्हणजे, चार पाकळ्या म्हणजे दुसऱ्यांना घडवू शकतो असं लिहिलंय. तुम्ही म्हणालात, अजून माणसं हाताळता येत नाहीत. ऑडिटरने दोन्ही कागद मागितले तर घोटाळा नको."

तो टोमणा होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. चेहरा सरळ होता. ऑडिटर एचआरचा मेल मागणार नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हणालो, "आधी ऑडिट होऊ दे." आवाज चढला होता. मार्कर मी त्याच्या हातातून घेतला, हे मला नंतर लक्षात आलं, कारण घरी गेल्यावर तो माझ्या शर्टाच्या खिशात सापडला. शाईचा डाग अजून आहे त्या शर्टाला.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर आमचे जुने मिस्त्री भेटले, आता रिटायर झालेत. मी कुरकुर केली की हल्लीच्या पोरांना धीर नाही. ते बिस्कीट बुडवत म्हणाले, "साहेब, तुमचं बी बरोबर हाय. त्येला सोडला तर रातचं तुमालाच यावं लागंल. आन तुमचं पोरगं धावीला हाय औंदा."

किती सहज म्हणाले! त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता, उलट सहानुभूती होती. बाप माणूस आहे, पोराच्या दहावीला रात्री घरी असावंसं वाटणारच. शॉपमधल्या दीडशे माणसांना साहेबांनी त्या डाय सेटरला का अडवलं ते ठाऊक होतं. ते कारण त्यांना पटलेलंही होतं. परिपक्वता वगैरे फक्त मला ठाऊक होतं.

त्याच्या दोनेक वर्षं आधी कंपनीने आम्हाला लोणावळ्याच्या हॉटेलात लीडरशिपच्या ट्रेनिंगला नेलं होतं. तिथे बाईंनी फळ्यावर चार खणांची खिडकी काढली, जोहरी विंडो. माझ्या शेजारचा म्हणाला, जवाहिऱ्याची असणार, माणसं पारखायची. मीही मान डोलावली. मग कळलं की जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये ती मांडली, आणि जो अधिक हॅरी मिळून जोहरी! आम्ही सगळे खूप हसलो. त्यातला एक खण असा, की जे इतरांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही. अभ्यास म्हणून आम्ही एकमेकांबद्दल चिठ्ठ्या लिहिल्या. मला आलेल्या चिठ्ठ्यांवर "मेहनती", "कधीकधी चिडतात", "टीमसाठी उभे राहतात" असलं होतं. साहेबाला चिठ्ठी लिहायची म्हटल्यावर दुसरं काय येणार? खरी चिठ्ठी टपरीवर बिस्किटाबरोबर आली. तीही दोन वर्षांनी.

एक गोष्ट मला जास्त लागली. आमच्याकडे रिजेक्शन झालं की 'का-का'चा तक्ता भरायचा असतो. पाच वेळा 'का' विचारत मुळापर्यंत जायचं. आणि माझा नियम आहे, उत्तर "ऑपरेटरची चूक" इथे थांबलं असेल तर मी कागद वाचतही नाही, परत पाठवतो. शेकडो कागद परत पाठवले असतील. स्वतःच्या बाबतीत मात्र पहिल्याच 'का'ला सही करून मोकळा. का अडवलं? परिपक्वता नाही. झालं, क्लोज.

ऑडिट आटोपल्यावर मी एचआरला फोन केला, म्हटलं माझी हरकत नाही. साणंदची जागा भरली गेली होती. पुढचं वर्ष, २०१९, गाड्यांच्या बाजाराला फार वाईट गेलं, कुठेच नवी जागा निघेना. शिफ्ट कमी झाल्या. तो २०२० च्या फेब्रुवारीत दुसरीकडे गेला, आमच्यापेक्षा लहान कंपनीत. निरोपाच्या वेळी समोसे होते. मी भाषणात म्हणालो की याला मी हाताने घडवलंय. टाळ्या पडल्या. तो हसला. त्या हसण्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मी त्याची माफी मागितली का, असं कोणी विचारेल. नाही. फोन करतो दर दिवाळीला, पंच आणि डायच्या क्लिअरन्सवर बोलतो. तो विषय दोघंही काढत नाही.

आता अण्णांबद्दल. माझे वडील एसटीत होते, कराडकडे. त्यांच्याकडे ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्युट्या लावायचं काम होतं. ज्याने एसटी जवळून पाहिलीय त्याला हे किती मोठं सिंहासन आहे ते कळेल. मुक्कामी गाडी कोणाला, लांब पल्ल्याची कोणाला, लग्नाच्या तिथीला सुट्टी कोणाला, सगळं त्या एका रजिस्टरात. घरी पेरू यायचे, हुरडा यायचा, आणि शिव्याही यायच्या.

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना त्यांच्या खिशातल्या डायऱ्या सापडल्या. प्रत्येक पानावर मध्ये उभी रेघ. डावीकडे 'सांगितलं', उजवीकडे 'खरं'. मी तिथेच शिडीवर बसून वाचत राहिलो. डावीकडे: सीनियॉरिटीप्रमाणे. उजवीकडे: त्याची आई घरी येऊन दोन तास बसली. डावीकडे: गाडी वर्कशॉपला. उजवीकडे: माझी कटकट वाचावी. एका ठिकाणी डावीकडे "नियमाप्रमाणे" आणि उजवीकडे फक्त "आवडत नाही मला तो."

मी भारावून गेलो. चौथी पास माणूस, आणि केवढं आत्मपरीक्षण! खाली उतरून त्यांना म्हणालो, अण्णा, तुम्ही रोज स्वतःला असं तपासत होता?

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तपासतोय कशाला? युनियनवाले महिन्याने यायचे विचारायला, याला का दिली, त्याला का नाही. काय सांगितलंय ते ध्यानात नको? आन खरं काय ते बी ध्यानात नको? दोन्ही एकात मिसळलं की माणूस फसतो."

म्हणजे माझा बाप हिशोबाने खोटं बोलत होता आणि त्याची व्यवस्थित नोंद ठेवत होता. थोर काही नव्हतं त्यात. बायको म्हणाली, "तुम्ही उगाच त्यांना संत करायला निघाला होतात." पण उजवा रकाना त्यांच्याकडे होता. माझ्या त्या मेलला तो नव्हताच. मी एचआरला जे सांगितलं तेच मलाही सांगितलं, आणि खऱ्याची प्रत कुठेही ठेवली नाही. ती टपरीवर दुसऱ्याकडून मागून घ्यावी लागली.

तर या एप्रिलमधली ही मुलगी. क्वालिटीत सीएमएम, म्हणजे पार्टची मापं बारकाईने मोजणारं मशीन, चालवते. डिझाइनला जायचंय तिला, आणि डिझाइनवाल्यांनाही ती हवीय. मी "अजून सहा महिने" लिहिलं, थांबलो, आणि टेबलावरच्या पॅडवर रेघ मारली. डावीकडे लिहिलं: डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा सराव कमी. उजवीकडे बराच वेळ काही लिहवेना. मग लिहिलं: ऑक्टोबरमध्ये नवीन पार्टचं लाँच आहे, तिच्याशिवाय सीएमएम कोणाला नीट येत नाही, आणि लाँच फसलं तर माझं नाव जाईल. त्याच्याखाली आणखी एक निघालं, ते इथे लिहीत नाही.

गंमत म्हणजे डावीकडचंही खोटं नव्हतं. तिचा सराव कमीच आहे. पण तो सराव डिझाइनमध्ये बसल्याशिवाय होणार कसा?

मी तिला बोलावून दोन्ही बाजू वाचून दाखवल्या, शेवटची ओळ सोडून. अवघडल्यासारखं झालं दोघांनाही. ती म्हणाली, "सर, मग माझ्याजागी कोणी शिकलं तर?" कोण शिकणार, दोन पोरं नवीन आहेत, त्यांना वेळ लागेल. ठरलं असं की ती जुलैत जाईल, आणि ऑक्टोबरपर्यंत आठवड्यातले दोन दिवस आम्हाला देईल. तोपर्यंत ती दोन पोरं, आणि तिसरा मी. रोज संध्याकाळी साडेपाचला. माझ्या हातून परवा मशीनचा प्रोब, म्हणजे माप घेणारी नाजूक सुई, जॉबवर आपटता आपटता वाचला. त्याची किंमत तिने मला शांतपणे सांगितली.

काल बोर्डावर नवीन मॅट्रिक्स लागलं. सगळ्यात खाली एक ओळ वाढवलेली, माझं नाव, आणि सीएमएमच्या चौकटीत एक पाकळी भरलेली. पेन्सिलने. मी विचारलं, पेन्सिलने का? म्हणाली, "प्रोब वाचला तर पेनने करू, सर."