स्टुडिओतल्या मंद उजेडात फोकस डोळ्यावरच कसा लावतो

फ्लॅश पेटतो शटर उघडल्यावर, आणि फोकस त्याआधीच लागून झालेला असतो. त्यामुळे लाइट ४०० वॉट-सेकंद ताकदीचा असो की १०००चा, फोकससाठी त्याचा काडीचाही उपयोग नाही. कॅमेऱ्याला दिसतो तो फक्त मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे फ्लॅशच्या डोक्यातच सतत पेटता असलेला छोटा दिवा.

पोर्ट्रेटला मी फुल फ्रेम बॉडी, ८५ मिमी लेन्स, आयएसओ १००, शटर १/१६० सेकंद आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ठेवतो; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. सुरुवातीला ट्रिगर (फ्लॅश पेटवणारा कॅमेऱ्यावरचा रिमोट) बंद करून एक फोटो काढायचा. तो काळाकुट्ट यायला हवा. तसा आला, की मॉडेलिंग लॅम्प बिनधास्त फुल करायचा, कारण त्याचा उजेड फोटोत उतरणारच नाही. इथे एक ग्यानबाची मेख आहे: लॅम्प प्रपोर्शनल मोडवर (फ्लॅशच्या पॉवरप्रमाणे कमी-जास्त होणाऱ्या) असेल तर फ्लॅशची पॉवर १/१६ वर आणताच तोही मंदावतो आणि लेन्स हंट करायला लागते, म्हणजे फोकस न सापडून पुढे-मागे फिरत राहते. लॅम्प स्वतंत्र मोडवर घ्यावा. तरी कमी पडलं तर चेहऱ्याजवळ एक छोटा एलईडी धरतो. उजेड वाढला की बाहुल्या आकसतात आणि बुबुळाचा रंग छान दिसतो, हा वरचा फायदा.

फोकस पॉइंट गालावर ठेवू नये. सपाट त्वचेवर कॅमेऱ्याला धरायला काही मिळत नाही. पापण्यांचे केस धरावेत. डीएसएलआरमध्ये मधला पॉइंट सहसा सगळ्यात भरवशाचा. ट्रिगरमधला फोकसच्या मदतीचा लाल असिस्ट दिवाही मदत करतो, पण सिंगल एएफमध्येच (एकदा फोकस लागला की तिथेच थांबणारा ऑटोफोकस). कंटिन्युअसवर (सतत फोकस बदलत राहणाऱ्यावर) टाकलं की तो पेटत नाही, आणि लोक ट्रिगरला दोष देतात. बहुतेक मिररलेस बॉड्या तर तो दिवा वापरतच नाहीत.

मिररलेसचं दुखणं वेगळं. या सेटिंगला व्ह्यूफाइंडर काळा होतो, कारण तो फ्लॅशविना फोटो जसा येईल तसाच दाखवतो. कॅननमध्ये एक्सपोजर सिम्युलेशन आणि सोनीत सेटिंग इफेक्ट बंद केलं की चेहरा दिसू लागतो. शिवाय काही बॉड्या फोकस करतानाही अ‍ॅपर्चर बंदच ठेवतात. एफ/२ च्या मानाने एफ/८ ला सेन्सरवर उजेडाचा फक्त सोळावा हिस्सा पोचतो. मग आय-एएफ (डोळा आपोआप ओळखणारा फोकस) गडबडलं तर नवल नाही.

मधल्या पॉइंटने फोकस धरून मग फ्रेम हलवायची सवय एफ/८ ला खपून जाते. दोन मीटरवरून तिथे साधारण २६ सेंमी डेप्थ (टोकदार दिसणारा पुढचा-मागचा पट्टा) मिळते. एफ/२ ला मात्र ती अंगाशी येते. दीड मीटरवरून डोळा धरला आणि कॅमेरा १० अंश वळवला, तर फोकसचं प्रतल डोळ्याच्या सव्वादोन सेंमी मागे जातं. डेप्थ पुढे-मागे मिळून जेमतेम पावणेचार सेंमी, म्हणजे डोळा गेलाच. अशा वेळी मी पॉइंटच डोळ्यावर सरकवतो, मग तो पॉइंट थोडा कमजोर असला तरी चालेल. एफ/२ ला मॉडेलिंग लॅम्पचा पिवळेपणाही सावल्यांत उतरू लागतो. ती काळ्या फोटोची चाचणी पुन्हा करावी.

फोटो सॉफ्ट आलाच तर १०० टक्क्यांवर झूम करून आधी कान पाहावेत. कान टोकदार आणि डोळा सॉफ्ट, म्हणजे फोकस मागे पडलाय. डीएसएलआरवर हे दर वेळी होत असेल तर एएफ फाइन ट्यून (कॅमेऱ्याच्या मेनूतून फोकस किंचित पुढे-मागे सरकवणं) करावं, तेही ट्रायपॉडवर, मॉडेलिंग लॅम्पच्याच उजेडात. उजेडाचा रंग बदलला की काही लेन्सचा फोकसही किंचित सरकतो. फ्रेममध्ये काहीच टोकदार नसेल तर आधी लेन्सची पुढची काच पुसून पाहावी.