मुक्कामी गाडीची कथा: तिसरा खर्डा

एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून 58 व्या वर्षी सुटलो, तेव्हा शेताकडे बघायचं की नातवंडांकडे एवढाच प्रश्न होता. कथा लिहायचं खूळ त्यानंतर शिरलं आणि साठी उलटली तरी उतरायचं नाव घेत नाही. तुम्हीही त्याच गाडीचे प्रवासी, म्हणून कुठवर आलोय ते सांगतो.

विषय असा. 10 डिसेंबर 1967, रविवारची रात्र. कोयना खोऱ्यातलं मी रचलेलं एक गाव. कराडहून आलेली मुक्कामी गाडी देवळापुढे उभी, ड्रायव्हर-कंडक्टर आतच आडवे झालेले. पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास भूकंप. मी तेव्हा तीन वर्षांचा, म्हणजे आठवण अशी काही नाही. सगळं थोरल्यांच्या तोंडून ऐकलेलं.

पहिला खर्डा मे महिन्यात झाला. वेळ, ठिकाण, कारण, केलेली कार्यवाही. कंट्रोल केबिनमध्ये बसून इतकी वर्षं अहवाल लिहिले, हात त्याच वळणाने जाणार. घरातून शेरा आला, "अहो, तुमचा ड्रायव्हर बायकोशी बोलतो तेही चौकशी अधिकाऱ्यापुढे उभा असल्यासारखं." मग एक युक्ती केली. निवेदन बाजूला ठेवलं आणि नुसते संवाद लिहिले, कोण बोलतंय तेही न सांगता. ज्या वाक्यावरून माणूस ओळखू येईना ते काढलं. चांगली अर्धी पानं रद्दीत गेली, पण ड्रायव्हरचं एक वाक्य उरलं: "गाडीतच बसा समदी. हितं पडायला भिंत न्हाई." कथेचं इंजिन तिथे चालू झालं.

(बोलून टाइप करणाऱ्यांना एक सूचना. फोन 'न्हाई'चं गुपचूप 'नाही' करतो आणि अख्खं खोरं सदाशिव पेठेत नेऊन ठेवतो. गावाकडचे संवाद बोटांनीच टाइप करा.)

जून सगळा एका प्रश्नात गेला: त्या पहाटे उजेड होता का? जुनं पंचांग काढलं. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष, पौर्णिमेला पाच-सहा दिवस बाकी, म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर चंद्र मावळलेला. भूकंप झाला तेव्हा मिट्ट काळोख. या एका गोष्टीने कथेची चाल बदलली. अंधारात पडलेली घरं दिसणारच नाहीत, ऐकू येतील. गाडीचे हेडलाइट लावायचे की बॅटरी राखायची, यावर दोघांचं वाजेल. वरच्या अंगाला धरण, ते फुटलं असेल या धास्तीने लोक डोंगराकडे पळू बघतील, आणि नदी किती चढलीय हेही कुणाला दिसणार नाही. हे काही मला सुचलं नसतं. अभ्यासाचा कंटाळा करणाऱ्यांना म्हणूनच सांगतो, पंचांग बघा, नकाशा बघा. फक्त जमवलेलं सगळं कथेत कोंबू नका. धरणाची उंची 103 मीटर हे मला पाठ आहे, पण माझ्या कंडक्टरला त्याचं काय?

आता तो कंडक्टर. दुसऱ्या खर्ड्यापर्यंत कथा ड्रायव्हरची होती. तो शूर, तो लोकांना वाचवतो, वगैरे. वाचायला बरं, पण पुढचं पान उलटावं असं काही त्यात नव्हतं. जुलैत निवेदन कंडक्टरकडे दिलं. नवखा पोरगा, नोकरी अजून कायम नाही. उजाडतं, समोर गाव आडवं पडलेलं, गाडीत माणसं रडतायत, आणि हा तिकिटांचा ट्रे मांडीवर घेऊन कॅश आणि वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळवत बसतो. एक रुपया कमी पडतो. तो पुन्हा मोजतो. असं कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही, हा प्रसंग साफ खोटा आहे. पण आमच्या खात्यातला माणूस म्हणून सांगतो, असं होऊ शकतं. 'प्रत्यक्षात असंच घडलं होतं' म्हणत मी आधी ज्या जागा राखून ठेवल्या होत्या, त्या या खोट्यापुढे फिक्या पडल्या आणि एकेक करून गेल्या. ऐकीव प्रसंगांतला एकही तिसऱ्या खर्ड्यात जसाच्या तसा नाही.

शेवट अजून डळमळीत आहे. कमी पडलेला रुपया ड्रायव्हरने स्वतःच्या खिशातून द्यावा, हे फार गोड होतं. सध्या वेबिलवर कंडक्टर जे लिहितो तिथेच थांबवलंय.

लांबीचं दुखणं आहेच. अंकाला अडीच हजार शब्द हवेत, माझे चार हजारांच्या वर गेलेत. दिवाळी अंकांची परंपरा 1909 पासूनची, म्हणजे एसटीपेक्षा 39 वर्षांनी थोरली. तिच्यापुढे नियंत्रकाची मुजोरी चालायची नाही. कराडहून निघतानाचा सगळा प्रवास कापतोय. गाडी आता थेट मुक्कामाच्या गावात उभी. घाटातला पाऊस मला फार आवडला होता, पण डिसेंबरात तो तसाही आलाच कुठून असता.

ऑगस्ट उजाडायच्या आत पाठवायची आहे. तोवर कुणाच्या घरी त्या काळचं एखादं वेबिल जपून ठेवलेलं असेल, तर त्यावर शेऱ्यासाठी किती जागा असायची तेवढं कळवा. माझ्या कंडक्टरला त्यात एक वाक्य बसवायचंय.