18 सेंमी ग्लाइड बेट: लोळण थांबली, दोन्ही झेपा सारख्या

मंडळी, 18 सेंमीची लाकडी ग्लाइड बेट, म्हणजे मासे पकडायला वापरतात तो डावी-उजवीकडे झेपा घेणारा नकली मासा (लुअर), अखेर सरळ वागायला लागली. रॉडच्या टोकाने छोटी टिचकी, लगेच लाइन ढिली, की डावीकडे जेवढी जाते तेवढीच उजवीकडे. मागच्या नोंदीत गाडी जिथे अडली होती ते आठवत असेल: उजवीकडे लांब झेप, डावीकडे वीतभर जाऊन आडवी लोळण.

आधी नेहमीचे संशयित तपासले. ट्रेबल (तीन टोकांचा गळ) काढून हँगरला, म्हणजे तो अडकवायच्या कडीला, तेवढ्याच वजनाचं शिसं टांगलं, फरक शून्य. नाकाची आय (लाइन बांधायची कडी) किंचित डावी-उजवी वाकवली, तर झेपेची लांबी बदलली पण लोळण तशीच. मग लुअर टबात मोकळी सोडली आणि अगदी समोरून, नाकाच्या रेषेत डोळा आणून पाहिलं. पाठीची धार उभी नव्हती, एका अंगाला कलली होती. म्हणजे दोष पोटातल्या, वजनासाठी भरलेल्या शिशाचा.

कल का पडतो, ते आकड्यांत बघा. लुअर हुकांसकट 108 ग्रॅम, त्यात शिसं 46. गुरुत्वमध्य उत्प्लावनाच्या मध्यापेक्षा 10 मिमी खाली धरला, तर सगळं शिसं फक्त 1 मिमी बाजूला सरकल्याने लुअर जवळजवळ अडीच अंश कलते. सपाट अंगाच्या बेटला तेवढं पुरतं, कारण झेप घेताना तिचं अख्खं अंग पंखासारखं पाणी कापत असतं. बाहेरून पट्टी चिकटवून भरपाई करायची तर मध्यरेषेपासून 10 मिमीवर साडेचार ग्रॅमहून जास्त शिसं लागेल, आणि मग सावकाश बुडणं विसरा. शिसं खोदून काढून भोक सरळ करणं हाच उपाय, आणि त्यानेच जमलं.

शिसं सरकतं कुठे? गोल पोटावर हातातल्या ड्रिलने भोक पाडताना. बिट आधी घसरतं, मग लाकडाची मऊ रेषा धरून तिरकं जातं. म्हणून तुकडा चौकोनी असतानाच भोकं पाडा, आकार नंतर द्या. व्हर्नियरने चारही बाजूंना मध्यरेषा ओढा, ड्रिल प्रेसवर 10 मिमीचं ब्रॅड-पॉइंट (मधोमध अणीदार टोक असलेलं) बिट लावा. साधं ट्विस्ट बिट या कामाला अजिबात घेऊ नका. आणि शिसं वितळवून लाकडात ओतू नका. लाकडातल्या ओलाव्याची वाफ होऊन ते अंगावर उडतं. तयार कांडी कापून इपॉक्सीने बसवा.

लाकूड विकणारे ‘हलकं’, ‘मध्यम’ सांगतात त्यावर विसंबू नये. प्रत्येक तुकड्याची घनता स्वतः काढा. 200×55×20 मिमी म्हणजे 220 घनसेंमी. वजन 92 ग्रॅम भरलं तर घनता 0.42. तयार अंग 99 घनसेंमीचं झालं आणि हुक-रिंगा 16 ग्रॅमच्या असल्या, तर तरंगतं-बुडतं होण्यापुरतं शिसं 44 ग्रॅमच्या आसपास येतं. सावकाश बुडवण्यासाठी वर 2. इपॉक्सीचं वजन जसंच्या तसं धरू नका. 6 ग्रॅम थर स्वतःची जागाही व्यापतो, त्यामुळे पाण्यात त्याचा निव्वळ भार ग्रॅमभरही नसतो. बरेच जण इथे शिसं कमी करतात आणि लुअर तरंगत राहते.

शिसं टोकांना नको, मध्याजवळ हवं. मध्यापासून 6 सेंमीवरचं वजन 3 सेंमीवर आणलं की वळण्याला होणारा त्याचा विरोध चौथाईवर येतो, आणि टिचकीला लुअर लगेच तोंड फिरवते. पाईक आणि मस्की हे शिकारी मासे पाठलाग करत आले की हेच तोंड फिरवून थांबणं कामाला येतं.

आता हे लिहिताना डोक्यात आलं: भोकं हवीतच कशाला? 10 मिमीच्या दोन फळ्या घ्यायच्या, आतल्या तोंडांवर समान खोलीचे खिसे कोरायचे, त्यात शिशाची चपटी चकती आणि आय व हँगर जोडणारी सलग वायर बसवून फळ्या चिकटवायच्या. जोडाची रेषा हीच मध्यरेषा, शिसं बाजूला जाणारच नाही. दोन्ही फळ्यांच्या लाकडाचे रेषे उलटसुलट ठेवले तर अंग पिळवटायची भीतीही कमी. खिशांची खोली डेप्थ-स्टॉप (ठरलेल्या खोलीवर अडवणारी खीळ) लावूनच, नाहीतर तोच मिलिमीटर परत येईल. तेव्हा ड्रिल प्रेससाठी आखलेला पुढचा तुकडा तूर्त बाजूला. आधी ही जोड-फळी.

टबातल्या चाचणीबद्दल: 30 अंशांच्या पाण्यात जुळवलेली लुअर 10 अंशांच्या पाण्यात 0.4 ग्रॅमने हलकी पडते, कारण थंड पाणी जड. तेवढी शिशाची तार मागच्या ट्रेबलच्या दांडीवर गुंडाळली की भागतं. चाचणी नेहमी लीडर (लाइन आणि लुअर यांमधला मजबूत तुकडा) लावूनच घ्या. पाईकसाठीची वायर आणि लुअर अडकवायचा मोठा स्नॅप (आकडा) नाक खाली ओढतात. गळ अडकवायच्या स्वस्त स्प्लिट रिंगा मात्र टबातही नकोत, चिमट्याने एकदा उघडल्या की नीट मिटत नाहीत.

पुढचा ट्रेबल अजून लीडरला अडकतो. जोड-फळीत पुढचा हँगर 8 मिमी मागे घेतोय. मागच्या हुकाला तो भिडत नाही ना, ते आधी कागदावर मापून पाहायचं आहे.